घाट परतीला लागतो: कोल्हापूरच्या रस्त्यांसाठी शिमानोची ११-३४ कॅसेट

कोल्हापुरातून कोकणाच्या दिशेने कुठूनही सायकल काढा, गगनबावडा म्हणा, आंबा म्हणा की राधानगरीवरून फोंडा, रस्त्याची चाल एकच असते. आधी पठारावरचा लांब चढ-उताराचा पट्टा, मग घाटमाथा, मग खाली कोकण. म्हणजे घाट आधी उतरायचा आणि परतीला चढायचा. गगनबावडा कोल्हापूरपासून साधारण ५५ किमी. करूळ घाट उतरून तळाला पोचेपर्यंत पायांत ६५ किमीच्या वर गेलेले असतात, ऊन डोक्यावर आलेले असते, हवा दमट असते, आणि दिवसाची सगळ्यांत मोठी चढण तेव्हा समोर उभी राहते. पन्हाळा आणि जोतिबा याच्या उलट. तिथे ताज्या पायांनी चढतो आणि घराकडे उतरत येतो. म्हणून पन्हाळ्याला पुरलेला गिअर करूळला पुरेल असे धरून चालणे चुकीचे आहे.

दुकानातून येणाऱ्या बऱ्याच रोड सायकलींना मागे ११-२८ किंवा १२-२८ ची कॅसेट असते. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच; आकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चकतीवर किती दाते आहेत ते सांगतात. पुढे '२८ चा दाता' म्हटले की २८ दात्यांची चकती समजायची. पंचगंगेच्या काठाने किंवा कागलच्या बाजूला फिरायला ती चांगली. घाट करायचे ठरवले असेल तर फ्रेम, चाके, कार्बनचा सीटपोस्ट या सगळ्याच्या आधी पैसे कॅसेटवर घालावेत, असे माझे ठाम मत आहे.

इथे विचार केला आहे तो शिमानो कंपनीच्या सीएस-एचजी५०० या दहा-स्पीड (दहा चकत्यांच्या) कॅसेटचा, ११-३४ मापातल्या. शिमानोच्याच टियाग्रा ४७०० मालिकेचे गिअर असलेल्या सायकलींना ती चालते. दाते असे: ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२६-३०-३४. पुढे ५०/३४ ची कॉम्पॅक्ट क्रँक (पेडलजवळ ५० आणि ३४ दात्यांच्या दोन रिंगा) असेल तर सर्वांत हलका गिअर ३४ ला ३४, म्हणजे पेडलच्या एका फेरीला चाकाची एक फेरी. २८ मिमी टायरच्या चाकाचा घेर साधारण २.१४ मीटर, एका फेरीत तेवढेच पुढे. मागे २८ चा दाता असला तर तेच अंतर २.५९ मीटर होते.

फरक कागदावर छोटा वाटतो, म्हणून हिशेब मांडूनच पाहू. चालवणारा, सायकल, दोन बाटल्या आणि हत्यारे मिळून ८५ किलो. चढ ८ टक्के. ताशी ९ किमीने वर जायला सुमारे १८० वॅट लागतात. नियमित चालवणाऱ्याला हा जोर अर्धा-पाऊण तास धरता येतो, पण त्यात सुखही नाही. याच वेगाला २८ च्या दात्यावर पाय मिनिटाला ५८ फेऱ्या मारतात, ३४ वर ७०. काम तेवढेच, वेग तोच, पण प्रत्येक फेरीत पेडलवर द्यायचा दाब १८ टक्क्यांनी कमी. चढ १० टक्क्यांवर गेला की त्याच वॅटमध्ये वेग ताशी साडेसातच्या खाली येतो. तेव्हा २८ वर केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलच्या फेऱ्या, ४८ पर्यंत पडतो, म्हणजे जवळपास उभे राहून रेटणे. ३४ वर तो ५८ राहतो आणि बसून चढता येते.

आता दुसऱ्या बाजूने बघा. बरेच पैसे घालून सायकल २ किलोने हलकी केली, तर ८५ किलोंवर ती बचत अडीच टक्क्यांच्याही आत भरते. कॅसेट बदलल्याने एकूण काम कमी होत नाही हे खरे, घाटाची उंची कोणी कमी करू शकत नाही. पण ते काम पायांनी कसे करायचे हे बदलते. कमी फेऱ्यांत जड दाब द्यायचा म्हटले की मांडीतला साठवलेला ग्लायकोजेन लवकर संपतो आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो. ७० किमीनंतरच्या घाटात नेमके हेच दोन भाग आधी हात टेकतात.

पुढची क्रँक ५२/३६ असेल तर ३६ ला ३४ हे गुणोत्तर १.०६ येते. कॉम्पॅक्टवर ३२ चा दाता लावल्यासारखेच ते. हेही पुष्कळ आहे. जुन्या सायकलीवर ५३/३९ असेल तर मात्र ३९ ला ३४ म्हणजे १.१५; तिथे आधी क्रँक बदलण्याचा विचार करा.

दोष आहे तो दात्यांमधल्या अंतराचा. या कॅसेटमध्ये १२, १४, १६ नाहीत. ५० च्या रिंगवर ९० केडन्सने १९ च्या दात्यावर वेग ताशी ३०.४ किमी, १७ वर ३३.९, १५ वर ३८.४. हातकणंगले-जयसिंगपूरच्या सपाटीवर ग्रुपच्या मागे ३६ ने जायचे असेल तर एक गिअर जरा हलका वाटतो आणि पुढचा जरा जड. समोरून वारा असला की हे जास्त जाणवते. वेगाच्या ग्रुप राइड आणि टाइम ट्रायल हाच ज्यांचा मुख्य छंद आहे त्यांनी ही कॅसेट कायम लावून ठेवू नये. ११-३२ चे मापही याच मालिकेत मिळते (११-१२-१४-१६-१८-२०-२२-२५-२८-३२), पण मधल्या दात्यांत तिथेही दोन-दोनचीच उडी आहे. सपाटीवरचा फायदा फक्त १२ चा दाता मिळण्यापुरता. त्या एका दात्यासाठी घाटातला ३४ सोडू नये. वजनाची काळजी करणाऱ्यांसाठी: २८ वरून ३४ वर गेल्याने वाढणारे वजन अर्ध्या भरलेल्या बाटलीपेक्षा कमी आहे.

आता बसवण्याकडे. खरेदीतली बहुतेक निराशा इथेच होते. कॅसेट आणली, चढवली आणि गिअर करकरायला लागले की दोष कॅसेटला दिला जातो.

पहिले पाहायचे ते मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग. पुढच्या दोन रिंगांतला फरक १६, मागच्या टोकाच्या दात्यांतला फरक २३, बेरीज ३९. एवढी चेन ओढून धरायला मधल्या लांबीच्या केजचा (दोन पुल्या धरणाऱ्या पट्टीचा) डिरेलर लागतो. टियाग्रा ४७०० मध्ये त्याला जीएस म्हणतात आणि त्याची मर्यादा ३४ दात्यांपर्यंत आहे. आखूड केजचा एसएस असेल तर तो २८ साठीच बनवलेला आहे. बी-स्क्रू (वरची पुली आणि दाते यांतले अंतर ठरवणारा स्क्रू) पूर्ण आत घालून एसएसवर ३४ चालवून देणारे भेटतील, ऐकू नका. वरची पुली दात्याला घासते आणि छोटी रिंग-छोटा दाता या जोडीवर चेन लोंबते. डिरेलरच्या मागच्या बाजूला आरडी-४७०० च्या पुढे जीएस की एसएस ते कोरलेले असते, ते वाचूनच दुकानात जा. आणखी एक गोष्ट: आधीच्या ४६०० मालिकेचा डिरेलरही दहा-स्पीडच, पण त्याच्या केबलची ओढ वेगळी आहे. स्वस्तात मिळाला म्हणून तो ४७०० च्या शिफ्टरला जोडला तर दोन-तीन गिअर बरोबर बसतात आणि बाकीचे कधीच बसत नाहीत.

दुसरी गोष्ट चेन. जुनी चेन २८ साठी कापलेली असते, ती ३४ ला आखूड पडते. आखूड चेन असताना चुकून मोठी रिंग आणि मोठा दाता अशी जोडी पडली तर डिरेलर ताणून हँगर (डिरेलर फ्रेमला जिथे लावलेला असतो तो तुकडा) मोडतो, आणि गगनबावड्याच्या अलीकडे तो मोडला तर घरी टेम्पोनेच यावे लागते. लांबी ठरवायची पद्धत सोपी आहे. चेन डिरेलरमधून न घालता पुढे ५० आणि मागे ३४ वर थेट गुंडाळायची, दोन टोके जिथे भेटतात त्यापुढे २ लिंक जास्त ठेवायच्या, तिथे कापायची. नवी दहा-स्पीड चेन सहसा ११६ लिंकची असते, बहुतेक फ्रेमना पुरते. चेन नवी आणि कॅसेट नवी, हे एकत्रच करा. ताणलेल्या चेनवर नवी कॅसेट घातली तर तिचे दाते पहिल्या काही आठवड्यांतच खराब व्हायला लागतात.

काम करताना क्रम असा ठेवा. चेन-व्हिप आणि लॉकरिंगचा पाना घेऊन जुनी कॅसेट काढा. फ्रीहब, म्हणजे चाकाच्या मध्यावरचा कॅसेट बसण्याचा भाग, पुसून बघा: अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर सुट्या दात्यांनी त्याच्या कडांवर खाचा पाडलेल्या दिसतील. हलक्या असतील तर कानसने उंचवटे घासून घ्या, नाहीतर नवे दाते आत सरकत नाहीत. फ्रीहबवर ग्रीसचा पातळ हात मारा. फ्रीहब अकरा-स्पीडचा असेल तर आधी १.८५ मिमीचा स्पेसर घाला. तो विसरला तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट हाताने हलते. हलली की समजायचे, स्पेसर राहिला. एक खाच बाकींपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, ती जुळवून दाते एकामागून एक चढवा. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला. शिमानोची मर्यादा ३० ते ५० आहे. टॉर्क पाना नसेल तर दुकानातच आवळून घ्या. ढिली राहिलेली लॉकरिंग चढावर टकटक आवाज करते आणि तो आवाज तळकंसाचा (क्रँक जिथे फिरते त्या बेअरिंगचा) समजून लोक भलतेच काही उघडून बसतात.

मग बी-स्क्रू. पुढे छोटी रिंग, मागे ३४ वर चेन आणून वरची पुली आणि दात्यांची टोके यांत ५ ते ६ मिमी अंतर येईल असा तो फिरवा. अंतर कमी असेल तर ३४ वर घरघर येते आणि पेडल उलटे फिरवल्यावर जास्त ऐकू येते. जास्त असेल तर छोट्या दात्यांवर गिअर उशिरा पडतो. एल-स्क्रूची (डिरेलर आऱ्यांकडे किती जाईल ते ठरवणाऱ्या स्क्रूची) जागा सहसा बदलत नाही, कारण कॅसेटची रुंदी तीच असते, तरी स्टँडवर चाक फिरवत डिरेलर बोटाने आत ढकलून पाहा. चेन ३४ च्या पलीकडे आऱ्यांकडे जात असेल तर स्क्रू पाव-पाव फेरी आत घ्या. शेवटी केबलचा ताण, बॅरल अ‍ॅडजस्टरने (केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या फिरकीने) पाव-पाव फेरी. सगळे करूनही मधल्या दात्यांवर चेन दोन ठिकाणी नाचत असेल तर हँगर वाकलेला आहे. एसटीच्या टपावर किंवा टेम्पोत आडवी टाकलेल्या सायकलीचा हँगर हमखास वाकतो. तो मापाच्या पट्टीवर सरळ करून घ्यायचा, नजरेने नाही.

१०० किमी चालवल्यावर केबल थोडी सैल होते, तेव्हा बॅरल पुन्हा बघायचा. हे पहिल्या घाटाच्या आधी झालेले बरे.

ऊस तोडणीच्या हंगामात ही कॅसेट कशी राहते, हा आपल्या जिल्ह्यापुरता महत्त्वाचा प्रश्न. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, शेतातून चाकांना लागून आलेला चिखल डांबरावर वाळून पडतो आणि पाचटाचे तुकडे सगळीकडे. पाचटाचा लांब धागा पुली आणि केज यांच्यामध्ये अडकला की चेन उडायला लागते, गिअर बिघडल्यासारखे वाटते. आधी थांबून पुल्या बघा, अ‍ॅडजस्टरला हात लावू नका. या कॅसेटच्या मोठ्या दात्यांमध्ये फट असल्याने आतला चिखल जुन्या टूथब्रशने निघतो, हे तिच्या बाजूने सांगायला हवे. तेलाच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही. वाळलेल्या चिखलाच्या दिवसांत कोरडे चेन लुब्रिकंट, गगनबावड्याच्या पावसात ओले, आणि दोन्ही वेळा लावल्यावर वरून फडक्याने पुसायचे. तेल रोलरच्या आत हवे असते, बाहेर नाही. चेनची झीज फूटपट्टीने मोजता येते: १२ पूर्ण जोड्या (एक आतली आणि एक बाहेरची लिंक मिळून एक जोडी) म्हणजे ३०४.८ मिमी. तेच अंतर ३०७ च्या वर गेले की चेन बदला. ठरल्या वेळी चेन बदलत राहिलात तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन सहज निघतात.

गिअर हलका मिळाला तरी तो फिरवायची सवय पायांना लावावी लागते. ५५ केडन्सने रेटायची सवय असलेल्या माणसाला ७५ वर दम लागतो, छाती भरून येते, आणि त्याला वाटते की जुनाच गिअर बरा होता. ही सवय सहा ते आठ आठवड्यांत बदलते. आठवड्यात एक दिवस सपाटीवर, ३४ च्या छोट्या रिंगवर, ५ मिनिटे ९५ केडन्स आणि ५ मिनिटे मोकळे, असे पाच वेळा. सीटवर उडायला होत असेल तर केडन्स थोडा कमी करा आणि सीटची उंची तपासा. पेडल सर्वांत खाली असताना टाच टेकली की पाय सरळ व्हावा, ताणला जाऊ नये. एक दिवस चढ: केर्लीकडून जोतिबाच्या रस्त्यावर ८ मिनिटे ७० ते ८० केडन्सने, इतक्या जोरात की तुटक वाक्य बोलता येईल पण गप्पा मारता येणार नाहीत. मग ४ मिनिटे उतरत श्वास घ्यायचा. असे चार वेळा.

तिसरा दिवस लांबच्या राइडचा, आणि इथे घाट परतीला लागतो ही गोष्ट सरावात उतरवायची. नेहमीप्रमाणे सकाळी थेट पन्हाळ्याला जाऊ नका. आधी हातकणंगलेपर्यंत जाऊन या, ४० किमीच्या पुढे सपाटी पायांत घाला, आणि मग वाघबीळचा चढ घ्या. थकलेल्या पायांनी वाघबीळ आणि वर बुधवार पेठेपासूनचा रस्ता ७० केडन्सने बसून चढता आला की करूळ चढता येईल. लांबच्या राइडचे अंतर आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये आणि दर चौथ्या आठवड्यात ते तिसऱ्या हिश्शाने कमी करावे. गुडघ्याच्या पुढे दुखले तर सीट खाली आहे किंवा गिअर जड वापरला जातोय. मागे दुखले तर बहुधा सीट वर आहे.

घाटात गिअर बदलायची रीतही शिकून घ्यावी. पुढची रिंग चढ लागायच्या आधी बदला. वळणावर अर्ध्यात ५० वरून ३४ वर टाकली तर दाबाखाली चेन आत पडते. छोट्या रिंगवर आल्या-आल्या मागे दोन दाते जड करा, म्हणजे पाय एकदम मोकळे फिरत नाहीत. आणि ३४ चा दाता सुरुवातीलाच वापरून टाकू नका. पहिले दोन किमी २६ किंवा ३० वर, ३४ हातचा राखून. शेवटच्या वळणांवर तो शिल्लक आहे हे माहीत असणे पायांना फार उपयोगी पडते.

खाण्यापिण्याचे थोडक्यात: तासाला ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एक मध्यम केळे साधारण २५ ग्रॅम देते, आणि आपल्या गुळाचा ५० ग्रॅमचा खडा ४० हून जास्त. महागडी जेल नसली तरी चालते, पण गूळ कागदात नको, छोट्या डबीत न्या. उन्हात तो पाझरतो. लिटरभर पाण्यात पाव चमचा मीठ. घाटाच्या तळाशी पोचण्याआधी अर्धा तास खाऊन घ्या, चढताना चावणे जमत नाही.

करूळ आणि भुईबावडा, दोन्ही घाटांची तोंडे गगनबावड्यालाच आहेत, तेव्हा एकाने उतरून दुसऱ्याने चढण्याचा बेत बरेच जण आखतात. निघण्याआधी दोन्ही रस्ते चालू आहेत का ते विचारून घ्या. दरडी आणि रस्त्याची कामे यामुळे ते बंद राहतात. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा. रिम ब्रेक असतील तर पॅडमध्ये अडकलेले लाल मातीचे खडे टोकदार वस्तूने काढा, ते रिम खातात.

अकरा-स्पीडच्या १०५ आर७००० वाल्यांसाठी हेच माप एचजी७०० आणि एचजी८०० मध्ये मिळते (११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४) आणि तिथेही जीएस डिरेलरच हवा. गंमत अशी की ही कॅसेट अकरा-स्पीडची असूनही अकरा-स्पीडच्या फ्रीहबवर तिला १.८५ मिमीचा स्पेसर लागतो आणि दहा-स्पीडच्या फ्रीहबवर लागत नाही. नऊ-स्पीडच्या सोरा आर३००० ला एचजी४०० मधली ११-३४ बसते. तिच्यात ११-१३-१५-१७-२०-२३-२६-३०-३४ असे दाते आहेत. घाटासाठी तीही तितकीच कामाची, आणि तिघींत खिशाला सर्वांत हलकी.